काकांची जुनी ३०० मिमी लेन्स छोट्या मिररलेसवर लावून पक्षी टिपता येतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑलिंपसचा ई-एम१० मार्क २ हा छोटा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा आहे, सोबत त्याच्याबरोबर आलेली किटची लेन्स आहे आणि काकांच्या कपाटात फिल्मच्या काळातली निकॉनची ३०० मिमी एफ/४.५, हाताने फोकस करायची लेन्स सापडली आहे. दीड-दोन हजारांचा अडॅप्टर घेऊन ती लावावी, की पैसे साठवून ऑलिंपसचीच ७५-३०० मिमी झूम लेन्स घ्यावी? आणि या हिवाळ्यात नाशिकजवळच्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात उडते पक्षी मिळतील का?

लेन्स बसेल, त्याची काळजी नको. पण ती बसवली की फोकस आणि अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र; एफ/ नंतरचा आकडा लहान तेवढं ते मोठं) ही दोन्ही कामं कॅमेऱ्याकडून सुटून तुमच्या डाव्या हातावर येतात. तो हात कोणत्या पक्ष्याला पुरेल आणि कोणत्या नाही, यावर बाकी सगळं ठरतं. मी अकरा-बारा वर्षं अशा जुन्या लेन्स छोट्या कॅमेऱ्यांवर लावून पुण्याच्या आसपास पक्ष्यांचे फोटो काढते आहे. त्या अनुभवावरून लिहिते.

आधी ती का बसते ते सांगते, कारण अडॅप्टर घेताना हेच उपयोगी पडतं. निकॉनच्या जुन्या कॅमेऱ्यात लेन्सच्या माउंटपासून फिल्मपर्यंत ४६.५ मिमी अंतर असायचं, मधे आरसा हलायचा म्हणून. तुमच्या मायक्रो फोर थर्ड्स कॅमेऱ्यात आरसाच नाही, त्यामुळे तेच अंतर १९.२५ मिमी आहे. उरलेले २७.२५ मिमी भरून काढणारी पोकळ नळी म्हणजे अडॅप्टर. त्यात काच नसते, तारा नसतात. म्हणून तो स्वस्त असतो आणि म्हणूनच चित्राचा दर्जाही बिघडवत नाही, पण नळी नीट बनवलेली असेल तरच.

माझा पहिला अडॅप्टर नीट बनवलेला नव्हता. जवळचा पक्षी छान यायचा, लांबचा डोंगर मात्र काही केल्या स्पष्ट होईना. लेन्समध्येच खोट आहे असं समजून मी दोन महिने तिला दोष देत बसले. शेवटी मैत्रिणीचा अडॅप्टर लावून पाहिला आणि उलगडा झाला: माझा अडॅप्टर केसभर जाड होता. ३०० मिमीच्या लेन्सला अडॅप्टर फक्त ०.३ मिमी जाड मिळाला, तरी साधारण ३०० मीटरच्या पलीकडचं काहीच फोकसमध्ये येत नाही. म्हणून बरेच जण अडॅप्टर मुद्दाम किंचित आखूड बनवतात. मग रिंग अनंताच्या खुणेच्या थोडी पुढे जाते, इतकंच. अडॅप्टर हातात आला की त्याच दिवशी गच्चीवर जा आणि सगळ्यात लांबच्या टॉवरवर किंवा टेकडीवर फोकस करून बघा. टॉवर रिंगच्या टोकाच्या आधीच स्पष्ट झाला, तर अडॅप्टर ठीक. लेन्स बसवल्यावर डुगडुगते का, आणि अडॅप्टरचे स्क्रू घट्ट आहेत का, तेही पाहून घ्या.

आणखी एक तपासणी फार कमी लोक करतात. अडॅप्टर उजेडात धरून आतून पाहा. काकांची लेन्स ३५ मिमी फिल्मच्या चौकटीपुरता उजेड आत सोडते आणि तुमचा सेन्सर त्यातला मधला चौथा हिस्साच वापरतो. उरलेला उजेड नळीच्या आतल्या भिंतीवर आपटतो. भिंत चकचकीत असेल तर तो उडून सेन्सरवर येतो आणि पाण्यावरचा पांढरा बगळा धुक्यात उभा असल्यासारखा दिसतो. मी आत काळ्या मखमलीची पट्टी चिकटवली आहे. वीस रुपयांचं काम, पण दुपारच्या फोटोंत फरक लगेच कळतो. लेन्सचा हूडही (ऊन अडवणारी पुढची नळी) कायम बाहेर ओढलेला ठेवा, या निकॉन लेन्सला तो अंगचाच असतो.

आता ‘३०० ची ६०० होते’ या बोलण्याबद्दल. लेन्स ३०० चीच राहते. चौकट लहान असल्यामुळे दृश्याचा कोन पूर्ण फ्रेमवरच्या (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवरच्या) ६०० मिमीएवढा अरुंद होतो. त्यातून प्रत्यक्षात काय मिळतं, ते आकड्यांत पाहू. आठ मीटरवर तुमच्या चौकटीत साधारण ४६ सेंटिमीटर रुंदीचं दृश्य मावतं, म्हणजे वेडा राघू चांगला भरून दिसेल. वीस मीटरवर सव्वा मीटरच्या आतलं दृश्य येतं. तिथे बगळा छान, खंड्या लहान. साठ मीटरवर साडेतीन मीटर. तिथलं बदक चौकटीचा सहावा भाग कसाबसा व्यापेल. नांदूर मध्यमेश्वरला मनोऱ्यावरून दिसणारे बरेच थवे याहूनही लांब असतात. तिथे कमी पडते ती लेन्सची पोच, आणि ७५-३०० घेतली तरी ती तेवढीच कमी पडेल.

दुसरा परिणाम असा की १६ मेगापिक्सेल त्या चौथ्या हिश्श्यात कोंबलेले आहेत. पूर्ण फ्रेमवर तेवढ्याच दाटीने पिक्सेल भरले, तर आकडा साठच्या वर जाईल. फिल्मसाठी घडवलेल्या काचेची ही कडक परीक्षा असते. या निकॉन लेन्सच्या दोन जाती आहेत, त्यामुळे काकांची कोणती ते आधी बघा. नळीवर ‘ईडी’ (रंगांची झालर कमी करणारी खास काच) कोरलेलं असेल आणि सोनेरी कडं असेल, तर नशीब चांगलं. नसेल, तर उजेडी आकाशासमोरच्या फांद्यांना आणि बगळ्याच्या पिसांच्या कडेला जांभळी-हिरवी झालर दिसेल. ती सॉफ्टवेअरमध्ये बरीच काढता येते, पूर्ण नाही. मी अशा लेन्सवर एफ/५.६ लावते. एफ/४.५ वर चित्र जरा मऊ येतं, आणि एफ/८ च्या पलीकडे या छोट्या सेन्सरवर प्रकाशाच्या विवर्तनामुळे बारकावे पुन्हा बोथट होऊ लागतात. म्हणजे वापरायला जवळपास दीड स्टॉपचीच (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) जागा आहे, पण ती पुरते.

एक्स्पोजरची चिंता नको. कॅमेरा लेन्समधून आलेला उजेडच मोजतो, त्यामुळे अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (छिद्र तुम्ही ठरवता, शटरचा वेग कॅमेरा) व्यवस्थित चालतं. फोटोच्या माहितीत अ‍ॅपर्चरची नोंद होणार नाही, एवढंच.

आता फोकस. सगळा जीव यात आहे, म्हणून इथे जरा थांबते.

दहा मीटरवरच्या पक्ष्यावर ३०० मिमी, एफ/४.५ लावली तर हिशोबाने स्पष्ट दिसणारी खोली साधारण १५ सेंटिमीटर असते. स्क्रीनवर पूर्ण मोठं करून पाहणाऱ्याला ती त्याच्या निम्मीच वाटेल. पाच मीटरवर ती चार सेंटिमीटरच्याही खाली जाते. डोळा स्पष्ट आणि चोच धूसर, असे फोटो इथूनच येतात. नवे लोक फोकस पीकिंगवर, म्हणजे कडांवर उमटणाऱ्या रंगीत रेघांवर भिस्त ठेवतात. लांब लेन्सवर त्या रेघा फसवतात. पक्ष्यापेक्षा त्याच्या खालच्या खडबडीत फांदीला आधी रंग चढतो आणि फोकस लागला असं वाटतं. मी पीकिंग बंदच ठेवते आणि चित्र मोठं करून बघते. किटच्या लेन्सची रिंग फिरवली की कॅमेरा आपोआप चित्र मोठं करतो. या लेन्सला इलेक्ट्रॉनिक संपर्क नाही, त्यामुळे रिंग फिरल्याचं कॅमेऱ्याला कळतच नाही. मॅग्निफाय अंगठ्याखालच्या एफएन बटणाला लावून घ्या. दहापट करा, डोळ्यातली चमक शोधा, रिंग थोडी पुढे नेऊन परत मागे या, मग पूर्ण चौकटीवर येऊन शटर दाबा. सुरुवातीला याला चार-पाच सेकंद लागतील. महिनाभर रोज कट्ट्यावरच्या साळुंक्यांवर सराव केला की दीड-दोन सेकंदांवर येतं. त्याच्या खाली मी अजून गेलेली नाही.

म्हणजे जो पक्षी दोन सेकंद थांबतो, तो तुमचा. आणि जो पक्षी परत त्याच जागी येतो, तो त्याहूनही तुमचा.

वेडा राघू घ्या. सासवडच्या बाजूला माळावर बाभळीची एक वाळकी डहाळी होती, जमिनीपासून छातीएवढ्या उंचीवर. राघू तिथून झेप घ्यायचा, हवेत माशी धरायचा, गोल फिरून त्याच डहाळीवर परत यायचा, आणि बसताना दर वेळी तोंड वाऱ्याकडे. तीन फेऱ्या मी कॅमेरा खालीच ठेवून नुसत्या पाहिल्या. चौथ्या फेरीला तो उडाल्याबरोबर डहाळीच्या टोकावरच्या सालीवर दहापट मोठं करून फोकस केला, रिंगवरचा हात काढला आणि थांबले. आला. चोचीत मधमाशी होती. तिचा दंश निघावा म्हणून त्याने ती फांदीवर दोनदा आपटली आणि तेवढ्यात सहा फोटो झाले. त्यातल्या चारांत राघूचा लाल डोळा आणि मधमाशीचे पंख, दोन्ही स्पष्ट आले. ऑटोफोकस असता तर मी त्या डहाळीकडे इतकं निरखून पाहिलं असतं असं मला वाटत नाही.

हीच रीत कोतवालाला, तारेवरच्या खंड्याला, ठरावीक दगडावर येणाऱ्या धोबी पक्ष्याला लागू पडते. वंचक तर पाण्याच्या कडेला इतका निश्चल उभा असतो की हाताने फोकस शिकायला त्याच्यासारखा गुरू नाही. घरट्यावर मात्र ही रीत वापरू नका. पक्षी तिथे परत येणार हे शंभर टक्के ठाऊक असतं, म्हणून मोह होतो. पण आपण समोर बसलो की तो पिलांना भरवायचं सोडून लांबच्या फांदीवर बसून राहतो.

उडत्या पक्ष्यांचं सरळ सांगते: आडवे उडणारे मोठे पक्षी जमतात, अंगावर येणारे जमत नाहीत. पुण्याजवळच्या कवडीपाटच्या बंधाऱ्यावर राखी बगळा पाण्याला समांतर जातो तेव्हा त्याचं आपल्यापासूनचं अंतर फारसं बदलत नाही. एकदा फोकस लावून कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवला आणि बर्स्ट (लागोपाठ फोटो) घेतला, तर दहातले दोन-तीन हाती लागतात. कवड्या धीवर हवेत एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि मग सूर मारतो. तो थांबलेला असताना मिळतो, सूर मारताना मला आजवर एकदाच मिळाला. भिंगरी, पाकोळी हे विषय सोडूनच द्या. नांदूर मध्यमेश्वरला किंवा भिगवणला उठणाऱ्या थव्यात सगळे पक्षी लांब आणि साधारण सारख्या अंतरावर असतात, तिथे ही लेन्स उलट सोपी पडते. फक्त सकाळी लवकर जा. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरू लागते, आणि त्या थरथरीतून कोणतीच लेन्स स्पष्ट चित्र काढत नाही. दहानंतरचे मऊ फोटो पाहून लेन्स विकायला निघालेले लोक मी पाहिले आहेत.

पंखांसाठी शटर १/१६०० सेकंदापेक्षा वेगवान ठेवा आणि ते मेकॅनिकलच ठेवा. सायलेंट मोडमध्ये सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे फडफडणारा पंख वाकडा येतो. बसलेल्या पक्ष्याला सायलेंट चालतं, शिवाय आवाजाने तो उडत नाही. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) मी या सेन्सरवर १६०० पर्यंत बिनधास्त नेते. ३२०० नाइलाज असेल तेव्हाच.

तुमच्या कॅमेऱ्याच्या अंगातच स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी चित्र सावरणारी सोय) आहे, आणि याच गोष्टीमुळे ही जोडी जमते. काकांच्या फिल्म कॅमेऱ्याला ही सोय नव्हती. पण जुन्या लेन्सची लांबी (फोकल लेंथ, म्हणजे तो मिमीचा आकडा) कॅमेऱ्याला आपोआप कळत नाही, ती मेनूत भरावी लागते. तिथे ३०० भरा. ‘६०० ची होते’ हे डोक्यात ठेवून बरेच जण ६०० भरतात. मग कॅमेरा गरजेच्या दुप्पट सावरतो आणि सगळेच फोटो हललेले येतात. दुसरी जुनी लेन्स लावल्यावर आकडा बदलायचा विसरलात तरी असंच होतं.

वजनाकडेही बघा. बॅटरीसकट कॅमेरा ३९० ग्रॅमचा, लेन्स त्याच्या अडीच-तीन पट. कॅमेऱ्याच्या पट्ट्याला हे धूड गळ्यात लटकवून चालू नका, सगळा ताण माउंटवर येतो. पट्टा लेन्सच्या ट्रायपॉड कॉलरला (स्टँड अडकवायच्या कड्याला) बांधा. मोनोपॉडही (एकपायी स्टँड) कॉलरलाच, कॅमेऱ्याला कधीच नाही. डावा तळहात लेन्सखाली आणि बोटं रिंगवर. गाडीच्या खिडकीतून काढायचे असतील तर कापडी पिशवीत किलोभर तांदूळ भरून खिडकीवर ठेवा. मोनोपॉडपेक्षा मी ही पिशवीच जास्त वापरते.

आता दुसरे काही पर्याय भराभर सांगते, कारण तुमच्यासारखीच अडचण पण वेगळं सामान असलेले वाचकही असतील. कॅननच्या ईएफ लेन्सला अ‍ॅपर्चरची रिंग नसते, ते विजेवर चालतं. साध्या नळीवर ती कायम पूर्ण उघडी राहील. तिला संपर्क असलेला महाग अडॅप्टर लागतो, आणि तुमच्या कॅमेऱ्यात फक्त कॉन्ट्रास्ट पद्धतीचा ऑटोफोकस असल्याने लांब लेन्स त्यावर पुढे-मागे चाचपडत राहते. ज्यांच्याकडे कॅननचा आरएफ माउंटचा कॅमेरा आहे, त्यांना हा त्रास नाही. कॅननच्याच अडॅप्टरवर ईएफ लेन्स अगदी घरच्यासारखी चालते. निकॉनच्या झेड मिररलेसवर निकॉनचाच एफटीझेड अडॅप्टर लावला तर आत मोटर असलेल्या एएफ-एस लेन्स ऑटोफोकस करतात, स्क्रूने चालणाऱ्या जुन्या एएफ-डी करत नाहीत. निकॉनच्या जी लेन्सला रिंग नसल्याने अ‍ॅपर्चरचा खटका असलेला वेगळा अडॅप्टर घ्यावा लागतो. आणि ‘स्पीड बूस्टर’ (आत काच असलेला अडॅप्टर) कोणी सुचवला तर नको म्हणा. तो उजेड वाढवतो पण लेन्सची लांबी कमी करतो, आणि पक्ष्यांसाठी आपल्याला हवी असते ती लांबीच. जुन्या ५०० मिमी एफ/८ आरसा-लेन्सही स्वस्तात मिळतात. हलक्या असतात, पण मागच्या उजेडाच्या ठिपक्यांची मेदूवड्यासारखी कडी होतात आणि एफ/८ वर व्ह्यूफाइंडरमध्ये फोकस ओळखणं आणखी कठीण जातं. मी एक घेतली आणि वर्षात देऊन टाकली.

मग ७५-३०० चं काय? ती ४२३ ग्रॅमची आहे, खिशात मावत नसली तरी पर्समध्ये मावते, ऑटोफोकस आहे. पण ३०० ला तिचं अ‍ॅपर्चर एफ/६.७ आहे, म्हणजे काकांच्या लेन्सपेक्षा एका स्टॉपहून जास्त अंधारी. थंडीच्या पहाटे हा फरक जाणवतो. तुम्हाला चालता-बोलता, मुलांना सोबत घेऊन, दिसेल तो पक्षी टिपायचा असेल, तर पैसे साठवा आणि तीच घ्या. एका जागी तास-दीड तास बसायची तुमची तयारी असेल, तर आत्ता अडॅप्टर घ्या. तुम्ही प्रश्नात लिहिलं आहे की ऑफिसमुळे फक्त रविवारची सकाळ मोकळी असते आणि घराजवळ तळं आहे. माझ्या मते तुम्ही दुसऱ्या गटातले आहात. एक हिवाळा ही लेन्स वापरा. मार्चपर्यंत आपल्याला उडते पक्षी जास्त आवडतात की बसलेले, हे तुमचं तुम्हालाच कळेल, आणि पुढची लेन्स कोणती घ्यायची याचं उत्तर त्यावरून मिळेल.

अडॅप्टर मागवण्याआधी मात्र एक काम आजच करा. लेन्सची रिंग एफ/४.५ वर आणा, दोन्ही झाकणं काढा, मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कडेला चार धागे असतील तर चित्रावर काही परिणाम होत नाही. मधोमध पसरली असेल, तर साफ करायला किती खर्च येईल ते आधी विचारा. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल आलंय का तेही बघा. रिंग घट्ट झाली असेल तर आतलं ग्रीस वाळलेलं असतं, जोर लावू नका, दुरुस्तीवाल्याकडे द्या. सगळं ठीक असेल तर लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आणि पुड्या पावसाळ्यात महिन्यातून एकदा बदला. काकांनी लेन्ससोबत तिची मूळ चामड्याची पेटीही दिली असेल. ती आठवण म्हणून जरूर जपा, पण लेन्स तिच्यात परत ठेवू नका. चामडं ओल धरून ठेवतं आणि बुरशीची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते.